बुरशीपासून उद्योगापर्यंत : जोकिची ताकामिने यांचा प्रवास

टोकियो मेट्रोच्या तोझाई मार्गावर ग्योतोकु हे स्थानक १९६९ साली सुरू झाले. चिबा प्रांतातील इचिकावा शहराचा हा भाग आज निशी-कासाईप्रमाणेच भारतीय कुटुंबांच्या परिचयाचा झाला आहे. मात्र त्याची जुनी ओळख मिठाची आहे. तोकुगावा इएयासू यांनी एदो शहराला मिठाचा खात्रीचा पुरवठा व्हावा म्हणून ग्योतोकुच्या मिठागरांना आश्रय दिला आणि हे मीठ राजधानीपर्यंत आणण्यासाठी ओनागी नावाचा कालवा खोदून घेतला. पुढील अडीच शतके मिठाने भरलेल्या होड्या या जलमार्गाने जात राहिल्या. सत्तेने पैसा ओतला, वाट तयार झाली आणि त्या वाटेवर व्यापार उभा राहिला. जपानच्या आर्थिक इतिहासात हा क्रम वारंवार दिसतो.

त्याच ओनागी कालव्याच्या परिसरात, आजच्या कोतो विभागातील कामाया-बोरी येथे, एक स्मारकशिला आहे. जपानमधील रासायनिक खतांचा उद्योग तिथे सुरू झाला, याची ती आठवण. ग्योतोकुहून मेट्रोने टोकियोच्या दिशेने निघाले की तिसरे स्थानक कासाईचे. त्याच्या उत्तरेस, किता-कासाईत, दाइइची सांक्यो या औषधकंपनीचे संशोधन केंद्र आहे. कामाया-बोरीचा खतकारखाना आणि कासाईतील प्रयोगशाळा या दोहोंचा माग काढत गेल्यास आपण एकाच माणसापाशी पोहोचतो. त्याचे नाव जोकिची ताकामिने. जनुक म्हणजे काय हे कुणाला नीट ठाऊक नव्हते आणि रेणवीय जीवशास्त्र हा शब्दही जन्माला आला नव्हता, त्या काळात सजीवांच्या रसायनांतून उद्योग कसा उभा राहतो आणि त्यासाठी पैसा कुठून येतो, या प्रश्नाशी ताकामिने आयुष्यभर झुंजले.

सरंजामाच्या पैशावर शिकलेला मुलगा

ताकामिने यांचा जन्म १८५४ साली ताकाओका येथे झाला आणि बालपण कानाझावात गेले. वडील सेइइची हे कागा संस्थानाचे वैद्य. पाश्चात्त्य वैद्यकाचा आणि रसायनशास्त्राचा त्यांचा व्यासंग होता. आई साके गाळणाऱ्या घराण्यातली. साके तयार करताना वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. ती तांदळातील पिष्टाची साखर करते आणि त्या साखरेचे पुढे मद्य होते. एका घरात औषध आणि दुसऱ्या घरात बुरशी, असा हा दुहेरी वारसा होता. त्याचे मोल मात्र पुढे अमेरिकेत कळायचे होते.

मुलगा हुशार आहे हे पाहून संस्थानाने त्याला वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास नागासाकीला परकीय विद्या शिकण्यासाठी पाठवले. पुढे मेइजी राजवट आली, संस्थाने खालसा झाली आणि शिक्षणाचा खर्च उचलण्याचे काम नव्या केंद्र सरकारकडे आले. टोकियोतील सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून ताकामिने १८७९ साली उपयोजित रसायनशास्त्राचे पदवीधर झाले. या महाविद्यालयाचे प्रमुख हेन्री डायर हे ग्लासगोचे होते. सरकारने ताकामिने यांनाही १८८० साली ग्लासगोला पाठवले. तिथून ते १८८३ साली परतले आणि कृषी व वाणिज्य मंत्रालयात रुजू झाले. म्हणजे तिशीला येईपर्यंतच्या त्यांच्या संपूर्ण घडणीवर सार्वजनिक पैसा खर्च झाला होता, आणि त्यातून ताबडतोब काही मिळावे अशी अट कुणी घातलेली नव्हती.

१८८४ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी सरकारने त्यांना प्रतिनिधी म्हणून धाडले. तिथे दोन गोष्टी घडल्या. कॅरोलिन हिच या तरुणीशी त्यांची ओळख झाली आणि १८८७ साली दोघांचा विवाह झाला. दुसरी गोष्ट म्हणजे फॉस्फेटच्या दगडापासून बनवलेले खत त्यांनी पाहिले आणि पदरचा पैसा खर्चून ते काही टन जपानला आणले. शेतकऱ्यांना वाटलेल्या खताचा परिणाम दिसू लागताच उद्योगपती शिबुसावा एइइची आणि मित्सुईचे मासुदा ताकाशी पुढे आले. १८८७ साली कामाया-बोरीत टोकियो कृत्रिम खत कंपनी स्थापन झाली. आजची निस्सान केमिकल ही कंपनी तिचाच वंश सांगते.

शिबुसावा यांचे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. दहा हजार येनच्या नव्या नोटेवर २०२४ पासून त्यांचेच चित्र आहे. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला आले, तेव्हा मुंबईचा कापूस थेट कोबेला नेणाऱ्या जहाजमार्गासाठी त्यांनी ज्यांच्याशी बोलणी केली, ते हेच शिबुसावा. विज्ञानात भांडवल गुंतवण्याची दृष्टी असलेली माणसे त्या काळात आशियात मोजकीच होती आणि ती एकमेकांना ओळखून होती.

पिओरियातील आग

सरकारी पेटंट कार्यालयात काही काळ काम केल्यामुळे एखाद्या कल्पनेवर कायदेशीर हक्क कसा मिळवतात, हे ताकामिने यांना चांगले माहीत होते. व्हिस्कीसाठी लागणारी बार्ली आधी मोड आणून वाळवावी लागते. त्यात जागा, मजूर आणि बरेच दिवस जातात. हेच काम कोजी बुरशी काही दिवसांत करू शकते, असे त्यांनी दाखवले. अमेरिकेतील मद्य उत्पादकांच्या बलाढ्य संघाने त्यांना बोलावणे पाठवले. नुकतीच उभी राहिलेली खतकंपनी सोडून ते १८९० साली पत्नी आणि दोन मुलांसह अमेरिकेला गेले. भागधारकांना वाऱ्यावर सोडून जाण्याचा हा निर्णय शिबुसावा यांना आवडला नव्हता.

इलिनॉय राज्यातील पिओरिया हे तेव्हा अमेरिकेच्या मद्यउद्योगाचे मोठे केंद्र होते. ताकामिने यांनी तांदळाऐवजी गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवली. कोंडा तिथे कवडीमोलाने मिळत असे. पण बार्लीला मोड आणून विकणाऱ्यांचा सारा धंदा या पद्धतीने बुडणार होता, त्यामुळे विरोध पेटला. अशातच कारखान्याला आग लागली आणि सारे भस्मसात झाले. आग लावली गेल्याचा संशय होता, मात्र तो कधीच सिद्ध झाला नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला, पण ताकामिने यांना यकृताच्या गंभीर विकाराने गाठले, शिकागोत शस्त्रक्रिया करावी लागली, आणि पुढे तो मद्यसंघच कोसळला. परक्या देशात, आजारी अवस्थेत, पदरी दोन मुले आणि हातात न विकलेली एक कल्पना, अशी त्यांची स्थिती झाली.

या पडझडीतून त्यांनी एक निष्कर्ष काढला. बुरशीतील जे द्रव्य पिष्टाची साखर करते, ते वेगळे काढले तर पोटातही तेच काम करेल. कोंड्यावरच्या बुरशीतून पाण्याच्या साहाय्याने विकर काढायचे, मद्यार्काने त्याचा साका खाली बसवायचा आणि वाळवून भुकटी करायची, अशी ती कृती होती. १८९४ साली तिला अमेरिकी पेटंट मिळाले. सूक्ष्मजीवापासून मिळवलेल्या विकराचे ते अमेरिकेतील पहिले पेटंट मानले जाते. या भुकटीचे नाव ताका-डायस्टेज. डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीने ती पचनाचे औषध म्हणून बाजारात आणली आणि ताकामिने सल्लागार म्हणून कंपनीशी जोडले गेले. भारतातील औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या पाचक गोळ्यांच्या वेष्टनावर आजही बुरशीजन्य डायस्टेजचा उल्लेख आढळतो. त्याचे मूळ पिओरियाच्या त्या अपयशात आहे.

जपानमधील विक्रीचा हक्क मात्र ताकामिने यांनी अमेरिकी कंपनीला दिला नाही. तो योकोहामाचे रेशीमव्यापारी शिओबारा मातासाकु यांना मिळाला. तिघा भागीदारांनी मिळून काढलेली पेढी म्हणून तिचे नाव सांक्यो पडले. १८९९ साली सुरू झालेली ही पेढी १९१३ साली मोठी कंपनी झाली आणि ताकामिने तिचे पहिले अध्यक्ष झाले. ताका-डायस्टेज इतके घरोघरी पोहोचले, की नात्सुमे सोसेकी यांच्या मांजराच्या तोंडून सांगितलेल्या प्रसिद्ध कादंबरीतील पोटदुखीने हैराण मास्तरही तेच घेताना दिसतो.

तळघरातील स्फटिक आणि एक वही

ताका-डायस्टेजच्या उत्पन्नातून ताकामिने यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःची प्रयोगशाळा उभारली. ती एका इमारतीच्या तळघरात होती. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा अर्क रक्तदाब वाढवतो आणि रक्तस्राव थांबवतो, हे १८९०च्या दशकात युरोपात दिसून आले होते. त्यातील नेमके द्रव्य शुद्ध स्वरूपात कुणालाच मिळत नव्हते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जॉन जेकब एबल यांनी त्यावर काही वर्षे घालवली होती. विद्यापीठाची साधने त्यांच्या हाताशी होती, मात्र त्यांच्या हाती आलेले द्रव्य पूर्ण शुद्ध नव्हते.

१९०० साली केइझो उएनाका हे तरुण रसायनशास्त्रज्ञ जपानहून ताकामिने यांच्याकडे आले. एफेड्रीनचा शोध लावणाऱ्या नागाई नागायोशी यांच्या हाताखाली त्यांची तयारी झाली होती. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात, कत्तलखान्यातून आणलेल्या जनावरांच्या ग्रंथींच्या अर्कातून उएनाका यांनी स्फटिक मिळवले. तेच ॲड्रेनलिन. शुद्ध स्फटिकरूपात हाती आलेले हे पहिले संप्रेरक ठरले. संप्रेरकासाठी हॉर्मोन हा शब्द तर त्यानंतर पाच वर्षांनी रूढ झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये पेटंटसाठी अर्ज गेला आणि १९०३ साली ते मंजूर झाले.

अर्ज ताकामिने यांच्या एकट्याच्या नावावर होता. १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाचे लेखकही तेच होते. ज्यांच्या हातांनी स्फटिक पाडले, त्या उएनाका यांच्या वाट्याला केवळ आभार आले. पगार देणारा आणि प्रयोग करणारा यांच्यातील श्रेयाची ही वाटणी त्या काळाला धरून होती, परंतु न्याय्य होती असे म्हणता येत नाही. उएनाका यांनी मात्र प्रयोगांची वही जपून ठेवली होती. पुढे एबल यांच्या प्रयोगशाळेला दिलेल्या भेटीचा दाखला देऊन ताकामिने यांच्या श्रेयावर शंका घेतली गेली. तेव्हा कामी आला तो याच वहीतील दिवसवार तपशील. ती वही आज निशिनोमिया येथील एका बौद्ध मंदिरात आहे. अमेरिकेत या औषधाचे अधिकृत नाव एबल यांच्या द्रव्यावरून एपिनेफ्रीन असेच राहिले. जपानच्या औषधसंहितेने ॲड्रेनलिन हे नाव स्वीकारले तेही २००६ साली.

निसर्गातील द्रव्यावर हक्क कुणाचा?

पार्क-डेव्हिसने हे पेटंट वापरून प्रतिस्पर्धी मलफोर्ड कंपनीवर दावा लावला. शरीरात आधीपासूनच असलेल्या द्रव्यावर कुणाचा हक्क कसा असू शकतो, असा प्रतिपक्षाचा सवाल होता. न्यूयॉर्कचे न्यायाधीश लर्नेड हँड यांनी १९११ साली निकाल दिला. ग्रंथीतील इतर घटकांपासून वेगळे काढून शुद्ध केलेले द्रव्य व्यापाराच्या आणि उपचाराच्या दृष्टीने नवी वस्तू ठरते, असा त्याचा आशय होता. रसायनशास्त्राचे प्राथमिक ज्ञान नसलेल्या न्यायाधीशांनी असे दावे ऐकावेत, याबद्दल त्यांनी निकालातच खंत नोंदवली.

या निकालाची सावली पुढील शंभर वर्षांवर पडली. १९७३ साली स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी एका जीवाचा जनुक दुसऱ्यात बसवून दाखवला. त्यामागे अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन निधीचा मोठा आधार होता. १९७६ साली बॉयर यांनी भांडवलदार रॉबर्ट स्वॉन्सन यांच्यासह जेनेन्टेक काढली. १९७८ साली जिवाणूंमध्ये मानवी इन्सुलिन तयार झाले आणि १९८२ साली ते बाजारात आले. १९८० साली दोन गोष्टी एकाच वर्षात घडल्या. भारतात जन्मलेले आनंद चक्रवर्ती यांनी घडवलेल्या जिवाणूवर पेटंट देता येईल, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले; आणि सरकारी पैशातून झालेल्या शोधांची पेटंटे विद्यापीठांना स्वतःकडे ठेवू देणारा बे-डोल कायदा संमत झाला. कोहेन-बॉयर पेटंटांनी विद्यापीठांना वीस कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवून दिले. २०१३ साली मात्र त्याच न्यायालयाने केवळ वेगळ्या काढलेल्या नैसर्गिक जनुकावर पेटंट देता येणार नाही, असे ठरवले आणि हँड यांनी उघडलेले दार निम्मे लोटले गेले.

पैसा मागण्याचे धाडस

वयाच्या साठीजवळ आलेल्या ताकामिने यांच्याकडे संपत्ती होती, कीर्ती होती. १९१२ साली जपानच्या शाही अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच वर्षी टोकियोकडून वॉशिंग्टनला ३,०२० चेरीची रोपे भेट गेली. ती मैत्रीखूण जुळवून आणण्यात त्यांचा पुढाकार होता. तरीही अमेरिकेचे नागरिकत्व त्यांना मिळू शकत नव्हते. आशियाई स्थलांतरितांना कायद्याने ते नाकारले होते. तीन दशके तिथे राहून, कर भरून, औषधे देऊनही ते परकेच राहिले.

१९१३ साली टोकियोतील त्सुकिजीच्या सेइयोकेन उपाहारगृहात त्यांनी देशातील पुढाऱ्यांसमोर एक योजना मांडली. जपानने इतरांचे शोध उचलून कारखाने काढले, पण मूलभूत संशोधनाची स्वतःची संस्था नसेल तर हे अनुकरण फार काळ चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी मागितलेली रक्कम होती दोन कोटी येन. ऐकणाऱ्यांना ती अवाढव्य वाटली. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले, जर्मनीहून येणारी रंगद्रव्ये आणि औषधे बंद झाली, आणि जे भाषणाने पटले नव्हते ते टंचाईने पटले. शिबुसावा यांनी पुढाकार घेतला. सम्राटांची देणगी, सरकारचे अनुदान आणि उद्योगपतींच्या वर्गण्या एकत्र करून १९१७ साली रिकेन ही संस्था स्थापन झाली. मूळ मागणीच्या मानाने निधी कितीतरी कमी पडला.

पैशाची चणचण हेच रिकेनचे पुढील भाग्य घडवणारे कारण ठरले. १९२१ साली संचालक झालेले ओकोची मासातोशी यांनी संस्थेचे शोध स्वतःच उत्पादनात आणायचे ठरवले. उमेतारो सुझुकी यांच्या प्रयोगशाळेतील जीवनसत्त्व अ विक्रीला आले आणि त्याच्या उत्पन्नातून भौतिकशास्त्रासारख्या, ताबडतोब काही न देणाऱ्या शाखांचा खर्च भागू लागला. १९३९ सालच्या सुमारास रिकेनच्या छत्राखाली ६३ कंपन्या होत्या. संशोधनातून उद्योग आणि उद्योगातून पुन्हा संशोधन, हे चक्र तिथे प्रत्यक्ष फिरले. परंतु या चक्राची दुसरी बाजूही आहे. युद्धकाळात हा उद्योगसमूह लष्करी उत्पादनात ओढला गेला आणि पराभवानंतर तो मोडून काढण्यात आला. पुढे रिकेनला पुन्हा सरकारी निधीवरच उभे राहावे लागले.

भारतातील चित्र याला समांतर आहे. जमशेटजींनी १८९८ साली विज्ञानसंस्थेसाठी आपल्या संपत्तीचा वाटा देऊ केला, पण बंगळूरची संस्था स्थापन झाली ती १९०९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ साली टाटा न्यासाच्या पैशावर सुरू झाली आणि पुढे सरकारी अनुदानावर वाढली. ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ साली तिथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. केंद्र सरकारचा स्वतंत्र जैवतंत्रज्ञान विभाग मात्र १९८६ साली आला. शोध आणि उद्योग यांच्यामधल्या या मोकळ्या वर्षांत अनेक बुद्धिमान माणसे देशाबाहेर पडली. परदेशी प्रयोगशाळांत आणि औषधकंपन्यांत काम करणाऱ्या मराठी शास्त्रज्ञांच्या कितीतरी कुटुंबांना हा इतिहास घरचाच वाटेल.

मागे उरलेले

ताकामिने यांचे २२ जुलै १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. ब्राँक्स येथील वुडलॉन दफनभूमीत त्यांची समाधी आहे. जपानी व्यक्ती अमेरिकेची नागरिक होऊ शकत नाही, यावर तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यानंतर चारच महिन्यांत शिक्कामोर्तब केले. पुढच्या वर्षी भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीयांनाही तोच न्याय लावण्यात आला.

त्यांच्या कामाचे धागे मात्र अनपेक्षित ठिकाणी पुढे गेले. ज्या पिओरियात त्यांचा कारखाना जळाला, तिथेच दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेने पेनिसिलिनची बुरशी मोठ्या प्रमाणावर वाढवण्याची रीत शोधली. खाजगी मद्यसंघाला जे पेलले नव्हते, ते बुरशीच्या उद्योगाचे काम सरकारी पैशाने तडीस गेले. सांक्योत अकिरा एंडो यांनी सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव तपासून १९७३ साली क्योतोतील तांदळावर मिळालेल्या एका बुरशीतून कोलेस्टेरॉल कमी करणारे द्रव्य काढले. आज जगभर घेतल्या जाणाऱ्या स्टॅटिन औषधांची सुरुवात तिथे झाली. सांक्यो आणि दाइइची यांच्या विलीनीकरणातून २००५ साली निर्माण झालेल्या कंपनीने स्तनाच्या कर्करोगावर प्रतिपिंडाधारित औषध घडवले. २०१९ साली त्यासाठी ॲस्ट्राझेनेकाशी झालेल्या कराराची कमाल किंमत ६९० कोटी डॉलर होती. २००५ सालीच कोजी बुरशीचा संपूर्ण जनुकसंच जपानी शास्त्रज्ञांनी वाचून काढला.

या यशांकडे पाहताना त्यामागची वर्षे मोजणे आवश्यक आहे. कागा संस्थानाने एका बारा वर्षांच्या मुलावर खर्च केला तेव्हापासून पहिले स्फटिक हाती येईपर्यंत पस्तीस वर्षे लोटली. त्या अवधीत संस्थान, मंत्रालय, उद्योगपती, मद्यसंघ आणि औषधकंपनी अशा पाच वेगवेगळ्या हातांनी ताकामिने यांना आधार दिला. त्यांतील काहींनी मध्येच साथ सोडली, तर एकाची साथ त्यांनी स्वतःच सोडली. नफा खाजगी कंपन्यांनी कमावला हे खरे, पण जेव्हा नफ्याची चिन्हेही दिसत नव्हती तेव्हाचा भार सार्वजनिक तिजोरीने उचलला होता. कायमस्वरूपी संस्था हवी, असा आग्रह त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात धरला, तो याच अनुभवातून. पुढच्या तरुण शास्त्रज्ञाला आपल्यासारखे दैवावर आणि एखाद्या श्रीमंताच्या मर्जीवर विसंबून राहावे लागू नये, एवढीच त्या मागणीची साधी बाजू होती.